फुकटचं कोण खातंय?

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे सकाळी सुविचार, दुपारी शेअरबाजार आणि रात्री अमेरिकेतल्या मंडळींची प्रवचनं. एडिसनला स्थायिक झालेला आमचा एक मित्र या प्रवचनकारांतला मुख्य बुवा. न्यू यॉर्कमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेल्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझचं नाव तो कधी पूर्ण लिहीत नाही. ‘फुकटवाली’ एवढंच लिहितो. परवा त्याने तिचा २०१८ च्या प्रचारातला जाहीरनामा कुठूनसा उकरून टाकला आणि खाली शेरा मारला : ‘दवाखाना फुकट, कॉलेज फुकट, नोकरीची हमी, घराचा हक्क. पैसे काय हिच्या तीर्थरूपांनी ठेवलेत?’ सत्तावीस जणांनी अंगठे वर केले. भांडण नको म्हणून मी गप्प बसलो, ते चुकलंच. म्हणून आता हे लांबलचक उत्तर.

तीर्थरूपांचा हिशेब आधी चुकता करतो. वडील ब्राँक्समधले छोटे आर्किटेक्ट. २००८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा मुलगी बॉस्टनला कॉलेजात होती. मागे राहिलं ते घराचं कर्ज. आईने लोकांच्या घरांची साफसफाई केली, शाळेची बस चालवली. मुलगी अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांची पदवी घेऊन परतली, आणि पुढे मॅनहॅटनमध्ये युनियन स्क्वेअरजवळच्या एका बारमध्ये गिऱ्हाइकांचे पेले भरू लागली. तीर्थरूपांची इस्टेट ती एवढी.

२०१८ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला राहत होतो. सात नंबरची गाडी डोक्यावरून धडधडत जाते तेव्हा खालच्या माणसांना बोलणं मधेच थांबवावं लागतं, असा तिथला रूझवेल्ट अॅव्हेन्यू. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर सोन्याच्या पेढ्या, पान, मोमो, बांगला वर्तमानपत्रं. मी कपडे धुवायला जायचो त्या लाँड्रीच्या काचेवर एके दिवशी निळं-जांभळं पोस्टर लागलं. त्यावर एका तरुणीचा चेहरा, तिरकं वर चढत जाणारं नाव, आणि नावाच्या दोन बाजूंना स्पॅनिश पद्धतीची दोन उद्गारचिन्हं, त्यातलं एक उलटं. लाँड्रीवाल्या बाईंना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, ‘आपल्यातलीच आहे, पडेल बिचारी.’ २६ जून २०१८ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत पडले ते जो क्राउली : दहा वेळा निवडून आलेले, सभागृहात पक्षाच्या नेतृत्वात चौथ्या क्रमांकावर असलेले, स्पीकरपदाच्या शर्यतीत ज्यांचं नाव घेतलं जायचं ते. एका वादसभेला तर त्यांनी स्वतः न जाता दुसऱ्याच बाईंना धाडलं होतं. दारोदार फिरून तळव्यांना भोकं पडलेले ओकासिओ-कोर्टेझचे बूट पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रदर्शनात मांडले गेले. मला तिथे मत नव्हतं. पण ते पोस्टर रोज बघत होतो, म्हणून त्याखालचे मुद्देही एकदा नीट वाचले. मित्राने ते वाचलेले दिसत नाहीत, मोजलेत फक्त.

जुनी कढी म्हणून हा विषय सोडून देता आला असता. पण त्या जाहीरनाम्यातलं प्रत्येक कलम त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या डाव्या उमेदवाराच्या पत्रकावर छापलं गेलंय, आणि त्यावरचा आक्षेपही तोच राहिलाय : फुकट, अशक्य, परदेशी.

दवाखान्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. आई भेटायला आली होती. जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं. इमर्जन्सीत नेलं, प्लास्टर घालून तीन तासांत घरी आणलं. मग पाकिटं यायला लागली. इस्पितळाचं बिल वेगळं, तिथल्या डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे बघणाऱ्याचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं. एक मनगट, चार पाकिटं. प्रवासी विम्यावाल्यांनी आईच्या ठिसूळ हाडांचा जुना कागद शोधला आणि हा आजार आधीपासूनचा म्हणून हात वर केले. मी इस्पितळाला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आज रोख भरलेत तर चाळीस टक्के कमी करू. मी आणखी थोडं रेटलं, तर आणखी थोडं उतरलं. तुळशीबागेत पातेल्याचा भाव करावा तसा मी आईच्या हाडाचा भाव करत होतो! ज्या बिलातून फोनवर निम्मी रक्कम गळून पडते, ते बिल कुठल्या खर्चावर बेतलेलं असेल, हा प्रश्न इंजिनीअरला तरी पडायला हवा.

ओकासिओ-कोर्टेझचं म्हणणं होतं ‘सर्वांसाठी मेडिकेअर’. पासष्टीपुढच्या अमेरिकनांना १९६५ च्या कायद्याने जो सरकारी विमा मिळतो, तो सगळ्यांना द्या. यात परदेशी काय आहे? कल्पना ट्रुमन यांनी १९४५ मध्येच काँग्रेसपुढे ठेवली होती. पुढे मेडिकेअरचा कायदा झाला तेव्हा लिंडन जॉन्सन सही करायला मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी, मिझुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले. त्याआधी, १९६१ मध्ये, डॉक्टरांच्या संघटनेने रोनाल्ड रेगन नावाच्या नटाच्या आवाजात एक तबकडी काढली होती. डॉक्टरांच्या बायकांनी मैत्रिणींना कॉफीला बोलवायचं आणि ती ऐकवायची; सरकारी दवाखाना आला की स्वातंत्र्य गेलं, असा त्यातला इशारा. मित्राचा मेसेज म्हणजे त्याच तबकडीची नवी प्रत. फरक इतकाच की कॉफी ज्याने त्याने आपल्या घरी प्यायची.

राबवणार कसं, असा दुसरा प्रश्न असतो. ३० जुलै १९६५ ला सही झाली आणि १ जुलै १९६६ ला योजना सुरू झाली. अकरा महिन्यांत सुमारे १.९ कोटी म्हातारी माणसं नोंदवली गेली, तीही आजच्यासारखे संगणक नसताना. एवढंच नाही, सरकारने इस्पितळांना अट घातली : काळ्या रुग्णांना वेगळ्या वॉर्डात ठेवणार असाल तर आमचे पैसे मिळणार नाहीत. दक्षिणेतल्या इस्पितळांनी वर्षानुवर्षं जपलेल्या भिंती काही महिन्यांत पडल्या. नुसत्या विमा योजनेने एवढं केलं.

आता पैसे. २०१८ च्या जुलैत मर्केटस सेंटर या सरकारी हस्तक्षेपाला नाकं मुरडणाऱ्या संस्थेत चार्ल्स ब्लाहाउस यांनी हिशेब मांडला : दहा वर्षांत केंद्राचा खर्च ३२.६ लाख कोटी डॉलरनी वाढेल. हा आकडा ग्रुपवर निदान सहा वेळा येऊन गेलाय. त्याच हिशेबाच्या कोष्टकात दुसरी ओळ आहे, ती एकदाही आलेली नाही. सरकार, मालक, माणसं असा सगळ्या देशाचा मिळून आरोग्यावरचा खर्च त्याच दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटींनी कमी होईल, असं ती ओळ सांगते. सरकारच्या खिशातून जास्त जाईल आणि तुमच्या-आमच्या खिशातून त्याहून जास्त वाचेल. हप्ता म्हणून भरलं तर ते पैसे आणि कर म्हणून भरलं तर लूट, हे गणित आम्हाला कुठल्या सेमिस्टरला शिकवलं होतं, आठवत नाही.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी कबूल करतो. ती बचत डॉक्टर-इस्पितळांना मेडिकेअरच्या, म्हणजे आजच्या खासगी विम्यापेक्षा बऱ्याच कमी दराने पैसे मिळतील, या गृहीतावर उभी आहे. आणि तेवढ्यावर ती भागवतील का, याविषयी खुद्द ब्लाहाउस साशंक होते. खेड्यातल्या आधीच टेकीला आलेल्या इस्पितळांचं काय होईल, याचं उत्तर जाहीरनाम्यात नव्हतं. दुसरं, व्हरमाँट. त्या छोट्या राज्याने हा प्रयोग करायचं ठरवलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर शुमलिन यांनी कराचे आकडे बघून स्वतःच गुंडाळला. हा आक्षेप वजनाचा आहे. पण जेमतेम सव्वासहा लाख वस्तीच्या राज्याला औषध कंपन्यांशी भाव करता येत नाही आणि नोटा छापता येत नाहीत. कॅनडातही सुरुवात सस्कॅचवान या एकाच प्रांतातून झाली, १९६२ मध्ये. तिथे डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. मग संप मिटला आणि पुढे अख्ख्या देशाने तीच योजना उचलली. २०१८ च्या मुलाखतींत ‘पैसे कुठून’ या प्रश्नावर ओकासिओ-कोर्टेझची उत्तरं गुळमुळीत होती, हेही खरं. मध्यमवर्गाचाही कर वाढेल आणि हप्ता जाईल, हे तिने ठणकावून सांगायला हवं होतं. ती कचरली.

मित्र मात्र कचरत नाही, कारण आपला विमा फुकटातला आहे हे त्याला ठाऊकच नाही. अमेरिकेत विमा नोकरीच्या खुंटीला बांधला गेला तो दुसऱ्या महायुद्धात. पगारवाढीवर सरकारने बंदी घातली. मग माणसं टिकवायला मालकांनी विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या या हप्त्यावर कर लागणार नाही, हे पक्कं केलं. अमेरिकेच्या करकायद्यातल्या सर्वांत मोठ्या सवलतींपैकी ही एक आहे. पगार जितका मोठा, तितका माफ झालेला कर मोठा. म्हणजे रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरची विमा नसलेली लाँड्रीवाली बाई आपल्या करातून एडिसनच्या डायरेक्टर साहेबांच्या विम्याला हातभार लावते. स्वतःचं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! आणि मित्र पहिल्यांदा गेला तेव्हाची गोष्ट त्यानेच मला सांगितली होती. नोकरी गेली तर व्हिसा जाणार आणि व्हिसाबरोबर विमाही, म्हणून मॅनेजर काहीही बोलला तरी मान खाली घालून ऐकायचं. खुंटी त्याने सोसलेली आहे. आता सासूबाई त्याच्याकडे असतात. त्यांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं कधी पूर्ण होतात आणि हप्ता भरून मेडिकेअरमध्ये कधी घालता येतं, याकडे तो कॅलेंडरवर खुणा करून डोळे लावून बसला होता. मेडिकेअर वाईट असतं तर खुणा कशाला केल्या असत्या?

नोकरीच्या हमीवर ग्रुपवर सर्वांत जास्त हशा पिकला. मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, तेही तासाला पंधरा डॉलर मजुरी आणि विम्यासकट. हसणाऱ्यांत निम्मे मराठवाड्याचे होते, म्हणून मला जास्त लागलं. बाहत्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. सुकडी आणि अमेरिकेची म्हणून खाल्लेली लाल मिलो, दोन्हींच्या आठवणी ती मरेपर्यंत सांगत असे. त्या दुष्काळाआधीच, १९६९ मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून पाहिला होता : काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य. पागे काँग्रेसचे, कुणी लाल बावटेवाले नव्हेत. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये सगळ्या देशाने त्यावरूनच कायदा बेतला. नोकरीच्या हमीवर लिहिणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ आज दाखला देतात तो भारताचा. आपण जगाला दिलेल्या मोजक्या धोरणांतलं हे एक, आणि आपणच त्याला हसतोय.

आणि पैसे कुठून आले? मुंबई-पुण्यातल्या पगारदारांकडून. १९७५ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर लागला तो याच योजनेसाठी. कुणाचीही पगाराची चिठ्ठी काढा, ‘पी. टी.’ पुढे दोनशे रुपये दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. नरिमन पॉइंटचा कारकून बीडच्या मजुराला मजुरी देत होता आणि त्याला पत्ताही नव्हता, इतकं ते किरकोळ होतं. बोगस मस्टर झाले, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, एकाच रस्त्यावर तीनदा मुरूम पडला, सगळं कबूल. पण मित्राच्या गावाबाहेरचा पाझर तलाव हमीच्या कामावरच खोदला गेला. दहावीच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यात पोहलो आहोत. बुडता बुडता वाचला होता तो. निदान तेवढ्यासाठी तरी आठवायला हरकत नव्हती.

अमेरिकेला तर यासाठी बीडपर्यंत यायचंही कारण नाही. १९३५ ते १९४३ या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या डब्ल्यूपीए या सरकारी खात्याने सुमारे ८५ लाख बेकारांना काम दिलं. क्वीन्समधला लाग्वार्डिया विमानतळ त्या पैशांतून उभा राहिला, ब्राँक्समधला ऑर्चर्ड बीचही. दोन्ही ओकासिओ-कोर्टेझच्याच मतदारसंघात. रूझवेल्ट यांनी १९४४ च्या जानेवारीत काम, घर, उपचार आणि शिक्षण या हक्कांची यादीच देशाला वाचून दाखवली होती. ती यादी आणि २०१८ चं पत्रक शेजारी ठेवा. परदेशी कोण, ते ठरवा.

कॉलेजचंही तेच. न्यू यॉर्कचं सिटी कॉलेज १८४७ मध्ये स्थापन झालं तेव्हा त्याच्या नावातच ‘फ्री’ होतं. शहराच्या त्या विद्यापीठात रहिवाशांना १९७६ पर्यंत शिकवणीची फी नव्हती. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं तेव्हा ती बसवली गेली. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क तिथलेच पदवीधर. सव्वाशेहून अधिक वर्षं शहराला जे परवडलं, ते त्याहून किती तरी पटींनी श्रीमंत झालेल्या देशाला का परवडत नाही, हे विचारणाऱ्या मुलीला वेड्यात काढायचं? आणि काढणार कोण, तर आम्ही. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात वर्षाची फी काही शे रुपये असायची. वसतिगृह, प्रयोगशाळा, प्राध्यापकांचे पगार, सगळं जनतेच्या पैशांतून. तो खर्च कुणी केला? काडेपेटीवर आणि रॉकेलवर कर भरणाऱ्यांनी. चार वर्षं फुकट ते पौष्टिक म्हणून खाल्लं आणि विमानात बसताना ढेकर दिली. परत मागायला कुणी आलं नाही, येऊही नये. पण दुसऱ्याच्या पोराने हात पुढे केला की आपण लगेच फुकटेगिरीवर बोलतो.

घराच्या हक्काविषयी फार लिहीत नाही. मित्राला फक्त एक विचारायचंय : त्याच्या घरकर्जाच्या व्याजावर त्याने किती वर्षं करसवलत घेतली? २०१७ पर्यंत दहा लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर ती मिळत असे. आता मर्यादा साडेसात लाखांची. जितकं घर मोठं तितकी सूट. भाड्याने राहणाऱ्याला शून्य. एकाला मिळालं तर ‘इन्सेंटिव्ह’ आणि दुसऱ्याने मागितलं तर भीक. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं.

पंधरा डॉलर किमान वेतनावर ग्रुपमधला एक अर्थपंडित म्हणाला, ही शहरी डाव्यांची खुळं आहेत. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर गोठलेलं आहे. टिप घेणाऱ्या वेट्रेससाठी मूळ रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलर. बारमागे उभं राहिलेल्या मुलीला हे आकडे पुस्तकातून वाचावे लागले नसतील. आणि २०२० मध्ये फ्लोरिडाने ट्रम्प यांना कौल दिला, तेव्हा त्याच दिवशी जवळपास एकसष्ट टक्के मतदारांनी पंधरा डॉलरला होकार दिला. ट्रम्पना मत देणारे त्यात किती असतील, ते बेरीज-वजाबाकीनेच कळतं.

‘आइस’ बंद करा, ही तिची मागणी ऐकली की आपल्या लोकांना वाटतं, सीमेची दारं सताड उघडणार. बेकायदा स्थलांतरितांना पकडून हद्दपार करणारं हे खातं २००३ मध्ये जन्माला आलं. माझ्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर त्याहून जुना आहे. त्याआधीही अमेरिकेला सीमा होती, व्हिसे होते, हद्दपारी होती. मित्र स्वतः त्याआधीच्या जुन्या खात्याच्या रांगेत उभा राहून आत शिरलाय. २०१८ च्या उन्हाळ्यात सीमेवर पोरांना आईबापांपासून तोडलं जात होतं. मतदानाला दोन-तीन दिवस उरले असताना प्रचार टाकून ती टेक्सासला टोर्निलोच्या छावणीबाहेर गेली. मला विचाराल तर ‘बंद करा’ ही घोषणा म्हणून कमजोर होती. त्या जागी काय आणणार, हे एका श्वासात सांगता येत नव्हतं, आणि ज्या घोषणेचा खुलासा करत बसावं लागतं ती विरोधकाला आंदण दिल्यासारखीच. पण घोषणा कच्ची म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

तुरुंगांविषयी ग्रुपवर कुणीच काही म्हटलं नाही, कारण तो आपला प्रश्न आहे असं आपल्याला वाटतच नाही. लाग्वार्डियावर विमान उतरताना पाण्यात एक सपाट, करडं बेट दिसतं, ते रायकर्स. ब्राँक्सचा एक सोळा वर्षांचा मुलगा २०१० मध्ये पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून तिथे गेला. घरच्यांना तीन हजार डॉलरचा जामीन भरता आला नाही. खटला उभाच राहिला नाही. तीन वर्षांनी सोडून दिला, त्यातली जवळजवळ दोन एकांतकोठडीत काढून. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. रोख जामीन बंद करा, हे त्या पत्रकातलं कलम वाचताना मला तो मुलगा आठवत होता. यावर ‘फुकट’ हा शेरा कसा मारणार?

राहिला सत्तर टक्के कर. तो २०१८ च्या पत्रकातला नव्हे. निवडून आल्यावर, २०१९ च्या जानेवारीत एका टीव्ही मुलाखतीत ती बोलली. ग्रुपवर लगेच बोंब उठली : मेहनतीच्या शंभरातले सत्तर नेणार! अरे बाबांनो, एक कोटी डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर. एखाद्याने वर्षाला एक कोटी एक डॉलर मिळवले, तर त्या शेवटच्या एका डॉलरमधले सत्तर सेंट. आयझेनहॉवर या रिपब्लिकन सेनापतीच्या राज्यात वरचा दर ९१ टक्के होता. रेगन येईपर्यंत ७०. तेव्हाही पळवाटा होत्या आणि ९१ भरणारे मोजकेच होते, हे मान्य. पण त्याच काळात हमरस्ते झाले, विद्यापीठं वाढली, माणूस चंद्रावर गेला. देश बुडाला वगैरे झाल्याचं ऐकिवात नाही. आमच्या अख्ख्या बॅचमध्ये वर्षाला एक कोटी डॉलर मिळवणारा एकही नाही. दुसऱ्याच्या लग्नात आपण कशाला रुसून बसायचं?

तिच्या बाजूने एवढं लिहिलं, तर तिची चूकही सांगतो. अॅमेझॉन क्वीन्समध्ये कार्यालय काढणार होतं : पंचवीस हजार नोकऱ्यांचं आश्वासन, बदल्यात शहर-राज्याकडून सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती. विरोध झाला, २०१९ च्या फेब्रुवारीत कंपनीने पाय काढता घेतला. हे तीन अब्ज आता शिक्षकांवर आणि सबवेवर खर्च करा, असं ती म्हणाली. पण ते पैसे तिजोरीत नव्हतेच. बहुतेक सगळी पुढे माफ होणाऱ्या करांची बेरीज होती. अर्थशास्त्राच्या पदवीधराने असं बोलू नये. त्याच महिन्यात ‘ग्रीन न्यू डील’चा ठराव आला. ठराव चौदा पानांचा आणि गंभीर. पण तिच्या कार्यालयाने सोबत काढलेल्या माहितीपत्रकात गाईंच्या वायूवरचा विनोद होता, आणि देशभर चर्चा झाली ती गाईंची. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. तरीही अॅमेझॉनची पुढची गोष्ट ग्रुपवर कुणी टाकली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने मॅनहॅटनमध्ये दीड हजार माणसांसाठी जागा भाड्याने घेतली. या खेपेला त्या सवलती नव्हत्या.

हे सगळं ग्रुपवर टाकावं म्हणून काल रात्री बसलो होतो, तेवढ्यात त्याचाच फोन आला. ग्रुपवर नाही, थेट. त्याची मुलगी ऑस्टिनला असते, चित्रं काढते, मिळेल तसं काम घेते. पुढच्या महिन्यात तिला सव्वीस पूर्ण होतात, म्हणजे ओबामांच्या कायद्याप्रमाणे बापाच्या विम्यातून तिचं नाव निघणार. आवाज नेहमीचा नव्हता. थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलून झालं.

‘तू या सगळ्यावर वाचत असतोस म्हणून विचारतो,’ तो म्हणाला. ‘उत्पन्न कमी असलं तर हप्त्याला सरकारकडून काही मिळतं म्हणे. खरंय का?’

‘खरंय.’

‘मग तो अर्ज कुठे करायचा असतो?’

मी सांगितलं. कागद कुठले लागतील, शेवटची तारीख कशी बघायची, तेही सांगितलं. मग दुवा पाठवला. फक्त त्याला.